गयेला सोडलेलं गाणं

जननी गायला बसली की श्रीलक्ष्मी स्वयंपाकघरातला नळ सोडायची. खाली स्टीलची बादली ठेवली की पाण्याचा आवाज चांगला घुमायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर मिक्सर लावायचा. मिक्सरमध्ये घालायला काही नसलं तर वाटून झालेली चटणीच पुन्हा एकदा फिरवायची. आणि वीज गेलेली असली तर पदर खोचून सरळ गच्चीवर जायचं, वाळत घातलेले तांदळाचे वडाम, म्हणजे सांडगे, राखायला. तिथले कावळेसुद्धा तिला ओळखू लागले होते.

चेन्नईजवळच्या पश्चिम तांबरममधल्या त्या लहानशा घरात गाणं ऐकू न येणं सोपं नव्हतं. श्रीलक्ष्मीनं ते सहा वर्षं साधलं होतं. एकादशी साधावी, तसं.

एकेकाळी त्याच घरात पहाटे पाचला, दारात सडा घालून कोलमची रांगोळी झाली की ती चार वर्षांच्या जननीला मांडीवर घेऊन बसायची आणि आपण एक ओळ म्हणून तिच्याकडून एक ओळ म्हणवून घ्यायची. तंजावरहून सासूबाईंबरोबर आलेली जुनी मराठी पदं, हरिदासांची कन्नड पदं, जे येईल ते. श्रीलक्ष्मीचा स्वतःचा गळा बेताचा होता, पण कान मात्र देवानं मन लावून घडवला होता. पोरीच्या गळ्यात काय आहे, ते पोर पाच वर्षांची व्हायच्या आत तिला कळलं. सूर तुपाच्या धारेसारखा पडायचा आणि वरच्या षड्जावर जाऊन असा उभा राहायचा, जशी वारा नसलेल्या देवघरात समईची ज्योत उभी राहावी. श्रीलक्ष्मीनं त्या आवाजापलीकडे देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

सतराव्या वर्षी तो आवाज बसला. आधी सर्दी वाटली, मग घसा धरलाय असं वाटलं, मग डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तेव्हा स्वरतंतूवर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. "बोलेल ती," डॉक्टर म्हणाले, "गाण्याचं मला सांगता येत नाही."

त्याच महिन्यात सासऱ्यांच्या श्राद्धासाठी गयेला जायचं आधीपासून ठरलेलं होतं. जननीला मागे ठेवून कसं जायचं, म्हणून तिलाही नेलं. बोलायला मनाई, त्यामुळे पोर एका छोट्या वहीत लिहून दाखवायची. 'पाणी.' 'दोन इडल्या पुरे.' 'अप्पा घोरतात.' आणि पुढे पुढे असं काही, जे कुणाला दाखवायचं नसे.

गयेला वडाखाली पिंडदान झालं आणि तिथल्या भटजींनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट इथे सोडायची. जन्मभरासाठी. सेतुमाधवनं, श्रीलक्ष्मीच्या नवऱ्यानं, वांगं सोडलं. त्याला वांगं खरंच आवडायचं. संकल्प सोडताना त्याचा आवाज जरासा कापला. त्याची बहीण अलमेलू हिनं कारलं सोडलं.

"तुम्ही कधी खाल्लंत कारलं?" श्रीलक्ष्मीनं हळूच विचारलं.

"म्हणूनच सोडायला सोपं गेलं गे," अलमेलू म्हणाली. "देव काय तांबरमला येऊन माझा डबा उघडून बघतो?"

मग श्रीलक्ष्मीची पाळी आली. ओंजळीत पाणी होतं. समोर वडाच्या पारावर जननी गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती, मांडीवर वही. श्रीलक्ष्मी भटजींना ऐकू जाईल असं "फणस" म्हणाली. आणि मनात म्हणाली, 'हिचा गळा हिला दे. मी तो पुन्हा ऐकणार नाही.' पाणी सोडलं.

आवडीची गोष्ट म्हणजे आवडीची गोष्ट. देवापुढे कारलं ठेवून गळा मागायचा, हे तिच्या मनाला पटलंच नसतं.

आठ महिन्यांनी एका सकाळी न्हाणीघरातून गुणगुण ऐकू आली. नीट सूरही नव्हता तो, बादलीत तांब्या बुडवता बुडवता पोरीच्या तोंडून निसटलेला एक अर्धा स्वर. श्रीलक्ष्मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती. तिचा जीव कानांत गोळा झाला. आणि पुढच्याच क्षणी तिला गया आठवली. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि नळ पुरा सोडला. घाईत बादली दोनदा कलंडली.

जननी ओल्या केसांनी बाहेर आली. "अम्मा! ऐकलंस? ऐकलंस तू?"

"काय ग?" श्रीलक्ष्मी मागे न वळता म्हणाली. डोळे वाहत होते, आणि ते पोरीला दिसायला नको होते. "पाण्यात काही ऐकू आलं नाही."

पाठीमागे खोलीचं दार लागलं.

सांगितलं असतं तर? हे श्रीलक्ष्मीनं स्वतःला विचारलं नाही असं नाही. पण गुप्त संकल्प बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं भय वेगळंच होतं. आपल्या गाण्याची अशी किंमत कुणी मोजते आहे हे कळलं, तर पोर गाणंच टाकेल. म्हणून ती गप्प राहिली. त्या गप्पपणाचा अर्थ पोरीनं आपल्या परीनं लावून घेतला: आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, शास्त्रीय गाण्याच्या कामाचा नाही, म्हणून अम्मा ऐकत नाही. पुढे ती पॉप गाऊ लागल्यावर त्या अर्थाला आणखी एक जोडला गेला: अम्माला लाज वाटते.

कॉलेज सुटलं की जननी वडपळनीच्या स्टुडिओंत 'ट्रॅक' गायला जायची. ट्रॅक म्हणजे मोठ्या गायिकेसाठी वाट पाडून ठेवणं. चाल नवी असते, बाईंना वेळ नसतो. मग कुणी तरी आधी गाऊन ठेवायचं, बाईंनी ते ऐकून आपल्या आवाजात गायचं, आणि आधीचा आवाज पुसून टाकायचा. दोन वर्षांत जननीचा आवाज अशा साठेक गाण्यांतून पुसला गेला.

"पुसून टाकतात म्हणजे?" सेतुमाधवला ते काही केल्या कळायचं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेलेला माणूस. तिथे फाटकं पुस्तकसुद्धा चिकटवून पुन्हा कपाटात जायचं.

"तसंच असतं, अप्पा. मला सवय आहे," जननी म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे मिक्सर चालू होता.

एकदा एका बाईंच्या तारखा जुळल्या नाहीत आणि जननीचा ट्रॅक तसाच सिनेमात राहिला. तिथून लोक विचारू लागले, ही कोण? हा दाणेदार, थोडासा जळका आवाज कुणाचा? मग शार्दूल आला. हा मूळचा साताऱ्याचा, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, आणि उरलेल्या वेळात गिटार. जननीच्या त्या जुन्या वह्या त्यानं वाचल्या आणि तिला म्हणाला, दुसऱ्यांची गाणी कशाला गातेस, ही गा. दोघांनी मिळून गच्चीवर मोबाइल टेकवून पहिलं गाणं चित्रित केलं, मागे दोरीवर सेतुमाधवची धोतरं. ते लाखो लोकांनी पाहिलं.

शार्दूल घरी आला की श्रीलक्ष्मी त्याला आग्रह करकरून वाढायची. "घे की रे, लाजतोस कां? आणखी थोडें सार घे."

"मावशी, तुमची मराठी ऐकली की जुनी बखर जेवायला वाढतेय असं वाटतं," तो म्हणायचा.

"मग बखरीला नाही म्हणूं नये," श्रीलक्ष्मी म्हणायची, आणि जननीसुद्धा हसायची. पण ताट उचललं की शार्दूल गिटार काढायचा, आणि श्रीलक्ष्मी देवळात जायला निघायची. शार्दूल एकदा जननीला म्हणाला, तुझ्या आईसारखी देवभक्त बाई पाहिली नाही. जननी म्हणाली, "गिटार वाजली की तिला देव आठवतो." हे श्रीलक्ष्मीनं चपला घालता घालता ऐकलं. बोलणं ऐकायला बंदी नव्हती.

चोविसाव्या वर्षी जननी आळ्वारपेटला वेगळी राहायला गेली. आणि त्याच वर्षी तिचं ते गाणं आलं.

गाणं तमिळमध्ये होतं, फक्त ध्रुवपदाची ओळ घरच्या तंजावरी मराठीत. श्रीलक्ष्मीला ते अलमेलूकडून कळलं. अलमेलू मुद्दाम तिसऱ्या गल्लीतून चालत आली, चपलाही न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

"ऐकलंस का आपल्या पोरीचं? अख्ख्या चेन्नईला कळलं तू कशी आई आहेस ते!"

"वन्सं, मला ऐकवूं नका."

"ऐकवत नाही. वाच." आणि तिनं मोबाइलवरचे शब्द पुढे धरले.

वाचायला बंदी नव्हती. श्रीलक्ष्मीनं चष्मा लावून वाचलं.

*मी गाते तेव्हा आतून नळ सुटतो,*
*भांडी वाजतात, जातं फिरतं.*
*या घरात सगळ्याला आवाज आहे,*
*माझ्याच आवाजाला बसायला जागा नाही.*
*ऐक गे, अम्मा, ऐक गे.*

"जातं कुठे आहे आपल्याकडे?" श्रीलक्ष्मी एवढंच म्हणाली.

"गाण्यात मिक्सर कसा बसेल?" अलमेलू म्हणाली, आणि वहिनीचा चेहरा पाहून तिनं मोबाइल पदराखाली घेतला.

मग ते गाणं गावभर झालं. ते रिक्षात लागायचं, भाजीवाल्याच्या गाडीवर लागायचं, कपड्यांच्या दुकानात लागायचं. श्रीलक्ष्मी तोंडानं विष्णुसहस्रनाम म्हणत बाजार करू लागली. एकदा क्रोमपेटकडून येताना बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर ते सुरू झालं, तर ती दोन थांबे आधी उतरून दुपारच्या उन्हात चालत घरी आली. ज्यांना ही त्या जननीची आई हे ठाऊक होतं त्या बायका मठात तिच्याकडे पाहायच्या आणि प्रसादाचे द्रोण पुढे सरकवताना नजर काढून घ्यायच्या.

आणि रोज दुपारी, जेवणं झाली की, ती सेतुमाधवचा मोबाइल घेऊन देवघराच्या भिंतीला टेकून बसायची. आवाज पुरा बंद करायची, दोनदा तपासायची, आणि मग लेकीची गाणी लावायची. पाहायला बंदी नव्हती. पोरीच्या गळ्याची शीर कुठे ताणते, ओठ कुठे मिटतात, हनुवटी कुठल्या स्वराला वर जाते, ते पाहून मांडीवर ताल धरायचा. चाल अंदाजानं लावायची आणि त्या हलत्या ओठांत आवाज घालायचा. समईच्या ज्योतीसारखा, तो. असं तिनं प्रत्येक गाणं शंभरदा तरी ऐकलं होतं.

एका शुक्रवारी ती अशीच बसलेली असताना जननी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या रविवारी गिंडीच्या एका मैदानावर तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता. त्याचे दोन पास द्यायला ती आली होती. पाहते तो अम्मा भिंतीला टेकून बसली आहे, हातात मोबाइल, त्यात आपणच गातो आहोत, आणि घरात चिडीचूप.

"आवाज बंद करून?" जननी म्हणाली.

श्रीलक्ष्मी दचकली. मोबाइल पालथा पडला.

"मला वाटायचं तू बघतच नाहीस. बघतेस. आणि आवाज तेवढा बंद करतेस." जननीचा स्वर अगदी खाली आला होता. "इतका वाईट आहे का ग माझा आवाज?"

देवाशपथ, श्रीलक्ष्मीनं त्या क्षणापर्यंत तोंड न उघडण्याचं ठरवलेलं होतं. पण पोर रागावली असती तर सोसलं असतं. ती विचारत होती. लहानपणी ताप आल्यावर 'मी मरेन का ग' असं विचारलं होतं, त्याच तोंडानं.

श्रीलक्ष्मीनं सांगितलं. वड, ओंजळ, फणस, मनातलं वाक्य, पहिल्या दिवशीचा नळ. सगळं मिळून चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जननी खाली बसली. पासांच्या कडा नखानं सोलत राहिली. मग म्हणाली, "आठ महिने मी पाण्याच्या ग्लासात नळी घालून ऊ ऊ करत बुडबुडे काढले, अम्मा. रोज सहा वेळा. डॉक्टरांनी शिकवलेलं. गळा तसा आला."

"होय ग. तुझेही कष्टच—"

"मला बोलू दे. तो आल्यावर पहिल्यांदा कुणाला ऐकवायचा होता? न्हाणीघरात मी तो अर्धा स्वर निसटू दिला नव्हता. तू बाहेर टॉवेल घेऊन उभी आहेस हे ओळखून लावला होता."

श्रीलक्ष्मीला हे ठाऊक नव्हतं.

"सहा वर्षं," जननी म्हणाली. "व्रत तुझं, आणि उपास मला घडवलास."

"बाळे, तुझ्यासाठीच ना—"

"विचारलंस मला? वहीत लिहून दिलं असतं मी. नको म्हणून." ती गुडघ्यांवर पुढे सरकली. "बरं, झालं. आता ऐक. मी सांगते, ऐक. एकच ओळ."

आणि तिनं श्वास घेतला.

श्रीलक्ष्मीचे हात आपोआप वर गेले. तिनं नेले नाहीत. गरम तव्यावरून बोट उचलतं तसे ते गेले, आणि दोन्ही कानांवर घट्ट बसले. डोळे मिटले गेले. आत नुसता आपल्याच रक्ताचा घूं घूं आवाज. तिनं डोळे उघडले तेव्हा जननीचं तोंड मिटलेलं होतं. ती आईच्या कानांवरच्या हातांकडे पाहत होती.

पास फरशीवर ठेवून ती उठली. दारात सँडलचा पट्टा तिला दोनदा लागला नाही.

संध्याकाळी सेतुमाधवला सगळं कळलं. झोपाळा पायानं थांबवून तो म्हणाला, "आणि मी वांग्यासाठी सहा वर्षं उसासे टाकले तुझ्यापुढं. बोललीसदेखील नाहीस."

"बोलायचं नसतं," श्रीलक्ष्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मठात व्यासराजाचार्यांकडे गेली. आचार्य ऐंशीच्या पुढचे, तुळशी निवडत बसले होते. तिनं विचारलं, असा संकल्प परत घेता येतो का? काही उद्यापन, काही प्रायश्चित्त?

"व्रताला उद्यापन असतं. सोडलेल्याला नसतं," आचार्य म्हणाले. मग तुळशीचं एक पान बाजूला ठेवत म्हणाले, "पण मी दुसरंच बघतोय. गाणं ऐकणं तुमचं होतं, ते तुम्ही सोडलंत. ऐकवणं तुमचं होतं का, बाई? ते तर पोरीचं. दुसऱ्याच्या परसातली फुलं देवाला वाहिलीत तुम्ही. देव घेत नाही असं नाही. पण त्या घरचं परस रिकामं होतं."

श्रीलक्ष्मीनं विचारलं, "ऐकलं तर तिचा गळा जाईल का?"

"मला ठाऊक नाही. तुमच्या माथी दोष येईल एवढं सांगता येतं. घ्याल?"

"घेईन," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिचं तिलाच वाईट वाटलं. सहा वर्षांत हे कधी विचारायला आली नव्हती.

रविवारी ती आणि सेतुमाधव चार वाजताच मैदानावर पोचले. तिनं मोतिया रंगाचं सुती लुगडं नेसलं होतं. सगळीकडे पोरंपोरी, कपाळाला दिवे लावलेल्या पट्ट्या, चेहऱ्यांवर रंग. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. शार्दूल पळत आला, वाकून नमस्कार केला. "मावशी, तिला सांगू का तुम्ही आलात?"

"नको. दिसेल तिला."

ऊन उतरलं, दिवे लागले, जननी आली. काळा सदरा, पायांत काही नाही. रांगेवरून तिची नजर फिरली आणि थांबली. श्रीलक्ष्मीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून, तिला दिसतील असे. जननीनं ते पाहिलं. माइक तोंडाजवळ नेता नेता थबकली, मागे वळून शार्दूलला काहीतरी म्हणाली, आणि ठरलेलं पहिलं गाणं सोडून 'ऐक गे, अम्मा'च सुरू केलं.

श्रीलक्ष्मीनं ऐकलं.

पहिल्या ओळीला तिला वाटलं, माइक बिघडला असेल. दुसऱ्या ओळीला वाटलं, ही दुसरीच कुणी गाते आहे, पोर अजून गायला लागलेली नाही. ती ओठांकडे पाहू लागली. ओठ ओळखीचे होते. गळ्याची शीर तिथेच ताणली, हनुवटी तिथेच वर गेली. पण त्यातून आवाज आला तो हा असा, वाळूत पाय ओढत चालल्यासारखा, खर्जातला, मध्येच तडकणारा आणि तडा तसाच ठेवून पुढे जाणारा. ज्योत नव्हती. ज्योत विझल्यावर वातीवर राहतो तो निखारा होता.

म्हणजे तो आवाज परत आलाच नव्हता. पोरीच्या बोलण्यातली खरखर तिनं नुसती बोलण्यापुरती मानली होती. ज्यासाठी ओंजळ सोडली तो सतराव्या वर्षीच गेला होता. हा दुसरा आवाज पोरीनं ग्लासातल्या पाण्यात बुडबुडे काढून, साठ पुसलेल्या गाण्यांत घासून, एकटीनं वाढवला होता. आणि रोज दुपारी भिंतीला टेकून आपण या पोरीच्या तोंडात त्या मेलेल्या पोरीचा आवाज घालत बसलो होतो.

"ऐक गे, अम्मा," जननीनं म्हटलं, आणि हजारो माणसं तिच्याबरोबर म्हणाली. दुसऱ्या 'ऐक'च्या आधी ती एक लांबट श्वास घेते हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं मैदान तिच्यासाठी थांबलं. श्रीलक्ष्मीचा ताल तेवढा मांडीवर पुढे पडला.

कार्यक्रम संपल्यावर शार्दूल दोघांना मंचामागे घेऊन गेला. जननी गळ्यात टॉवेल टाकून उभी होती. भोवती दहा माणसं. तिनं सगळ्यांना बाजूला केलं, आईसमोर आली. "अम्मा?"

'छान झालं' म्हणायचं होतं. श्रीलक्ष्मीनं पोरीला जन्मात खोटं सांगितलं ते फक्त एकदा, पाण्यात काही ऐकू आलं नाही म्हणून. तिनं पदरानं पोरीचं कपाळ टिपलं.

"दमलीस ग."

जननीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय शोधत होती ते तिला सापडलं नाही, आणि ते सापडणार नाही हे कळलंही. ती हसली. परक्या माणसाला अवघडू नये म्हणून हसतात तसं, समजूतदार.

"पुढच्या रांगेत नीट ऐकू येत नाही, अम्मा," ती म्हणाली. "नुसते ढोल येतात. माझीच चूक, मागे बसवायला हवं होतं."

कुणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली. ती वाकली, दोघांच्या पायांना हात लावला, आणि गेली.

गिंडीहून तांबरमच्या गाडीत दोघांना जागा मिळाली. सेतुमाधवनं एकदा "पाणी देऊं?" विचारलं. श्रीलक्ष्मीनं मान हलवली. खिडकीबाहेर पाहत ती आतल्या आत तो जुना आवाज काढायचा प्रयत्न करत होती. पहाटेचा, मांडीवरचा. इतकी वर्षं नुसतं मनात म्हटलं की यायचा. आता पद सुरू केलं की दुसऱ्या शब्दालाच त्यात वाळू मिसळायची. तिनं तीनदा करून पाहिलं. आला नाही. आणि नवा आठवायला जावं, तर त्याच्याशी अजून ओळखच नव्हती.

समोरच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई आपल्या मुलीबरोबर बसली होती. दोघींच्या मनगटांवर कार्यक्रमाच्या कागदी पट्ट्या. दोघी मिळून तेच गुणगुणत होत्या. मुलगी चुकली की आई तिच्या गुडघ्यावर चापट मारायची. "थांब ना तिथं! ती श्वास घेते तिथं."

श्रीलक्ष्मी ऐकत राहिली. नळ नाही, सहस्रनाम नाही. तिच्या मनगटावरची तसलीच पट्टी पाहून बाई तमिळमध्ये म्हणाली, "तुम्हीसुद्धा आलेलात? कसं वाटलं?"

"मी पहिल्यांदाच ऐकलं," श्रीलक्ष्मी म्हणाली.

"पहिल्यांदा? अय्यो, मग नसेल आवडलं." बाई मनमोकळं हसली. "मलापण नव्हतं. म्हटलं, हा काय घसा बसल्यासारखा आवाज! हीच लावून लावून ऐकवायची. सवय व्हावी लागते हो त्याची. मग मात्र सुटत नाही."

सेंट थॉमस माउंट स्टेशन गेलं. पळवंतांगल गेलं. श्रीलक्ष्मी मनगटावरची पट्टी फिरवत होती. मग तिनं मान वर केली.

"किती दिवस लागले तुम्हाला?" तिनं विचारलं.